दारू आणि अमली पदार्थांच्या रुग्णाला कोठे उपचार द्यावेत, हे चमूला कसे शिकवावे?

आपल्या जिल्हा रुग्णालयात व्यसनोपचार विभाग सुरू होतो आहे. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात सांभाळावा, वॉर्डात दाखल करावा की निवासी केंद्राकडे पाठवावा, हे वैद्यकीय अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांना ठरवता यावे म्हणून आपण दोन दिवसांचे प्रशिक्षण आखले आहे. त्यात उपचाराची जागा ठरवण्याचे अमेरिकेतील निकष जसेच्या तसे शिकवावेत का आणि दोन दिवस पुरतील का, असे आपण विचारले आहे. निकषांची चौकट अवश्य घ्यावी. त्यातील उपचाराच्या पातळ्यांचा तक्ता मात्र आपल्या जिल्ह्याला लागू पडणार नाही. दोन दिवसांत माहिती देऊन होते. निर्णय घेण्याची सवय त्यानंतरच्या काही महिन्यांत, प्रत्यक्ष रुग्णांवर आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली लागते. प्रशिक्षणाचा बराचसा वेळ आणि पैसा या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

नव्या चमूच्या मनातून सर्वप्रथम एक समज काढावा लागतो, तो म्हणजे व्यसन जितके जुने आणि तीव्र तितका केंद्रातील मुक्काम जास्त दिवसांचा. महाराष्ट्रात याला एक पार्श्वभूमी आहे. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले आणि व्यसनमुक्ती ही शक्य कोटीतील गोष्ट आहे हे मराठी समाजाला पटले, हे त्या कामाचे फार मोठे योगदान आहे. पण त्याचबरोबर ‘व्यसनमुक्ती’ म्हणजे ‘केंद्रात ठेवणे’ असे समीकरणही लोकांच्या मनात पक्के झाले, आणि डॉक्टर त्याला अपवाद नाहीत. निदानाची तीव्रता आणि उपचाराची जागा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेतील ११ निकषांपैकी ९ निकष पूर्ण करणारा, म्हणजे गंभीर आजार असलेला माणूस नोकरीवर असेल, त्याला पूर्वी कधी फिट आलेली नसेल, घरी दारू न पिणारी पत्नी असेल आणि तो रोज तपासणीस येऊ शकत असेल, तर त्याच्यावर बाह्यरुग्ण विभागात उत्तम उपचार होतात. उलट पाचच निकष पूर्ण करणाऱ्या माणसाला मागच्या वेळी दारू सोडताना झटके आले असतील, तर त्याला खाट लागते. राष्ट्रीय औषध अवलंबन उपचार केंद्राने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस सुमारे १८० जणांमागे एक होता. खाटा इतक्या दुर्मीळ असताना ज्याला खाटेची गरज नाही त्याला ती देणे म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी काढून घेणेच होय.

आता चौकटीविषयी. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅडिक्शन मेडिसिनने १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या निकषांची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली. रुग्णाकडे सहा अंगांनी पाहायचे, प्रत्येक अंगातील धोका वेगळा तोलायचा आणि त्या धोक्याला पुरेल अशी सर्वांत कमी बंधनाची जागा निवडायची, हा त्यांचा गाभा आहे. नशेची सद्यःस्थिती, विथड्रॉवल (सेवन थांबल्यावर होणारा त्रास) आणि व्यसनावरील औषधांची गरज हे पहिले अंग. शारीरिक आजार दुसरे. मानसिक आजार आणि आकलनशक्ती तिसरे. सेवन चालू राहण्यातील आणि त्यातून उद्भवणारे धोके चौथे. घर, परिसर आणि आधार पाचवे. रुग्णाच्या अडचणी आणि त्याची स्वतःची पसंती सहावे. जुन्या आवृत्त्यांत ‘बदलाची तयारी’ हे स्वतंत्र अंग होते. नव्या आवृत्तीत ते वेगळे न ठेवता सर्वच अंगांत विचारात घेतले जाते, आणि हा बदल मला योग्य वाटतो. ‘याची तयारीच नाही, तयारी झाली की या’ असे सांगून रुग्णाला परत पाठवण्याची सोय त्या अंगाने आमच्याकडील अनेकांना करून दिली होती.

अंगे शिकवणे सोपे आहे. खरा कस माहिती गोळा करताना लागतो. याचे एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते प्रशिक्षणातील पहिली सकाळ त्यावरच खर्च करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट या दारूविषयीच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत दुसरा प्रश्न पिण्याच्या दिवशी किती ‘ड्रिंक’ होतात असा आहे. रोज पिणारा रुग्ण सांगतो, “एकच.” प्रशिक्षणार्थी एक लिहितो. रुग्णाच्या हिशेबी ती एक क्वार्टर असते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि चाचणीतील एक प्रमाणित ड्रिंक १० ग्रॅमचे आहे. म्हणजे त्या ‘एका’चे सहा होतात. ‘किती वेळा पिता’ या पहिल्या प्रश्नाचे ४ गुण दोन्ही वेळा सारखेच मिळतात. पण चुकीच्या नोंदीत दुसऱ्या प्रश्नाला शून्य आणि ‘एका वेळी सहा किंवा अधिक’ या तिसऱ्या प्रश्नालाही शून्य पडतो, तर बरोबर नोंदीत अनुक्रमे २ आणि ४ गुण येतात. पहिल्या तीन प्रश्नांची बेरीज एकीकडे ४ आणि दुसरीकडे १०, आणि संपूर्ण चाचणीची धोक्याची सीमारेषा ८ ची. म्हणून प्रशिक्षणाच्या टेबलावर क्वार्टरची रिकामी बाटली, हॉटेलातला प्लास्टिकचा ग्लास आणि मापाचा पेला ठेवावा, पाणी ओतून मोजायला लावावे, आणि ‘नाइंटी’, ‘क्वार्टर’, ‘खंबा’ यांचे ग्रॅममध्ये रूपांतर प्रत्येकाकडून तोंडी करून घ्यावे. हातभट्टीची तीव्रता कोणालाच ठाऊक नसते. तेथे प्रमाणावर भर न देता सकाळी हात थरथरतात का आणि उतारा म्हणून थोडी दारू घेतल्याशिवाय दात घासता येतात का, हे विचारावे.

पदार्थांच्या बाबतीतही स्थानिक शब्द यायला हवेत. मालेगावचा तरुण ‘कुत्ता गोळी’ म्हणतो तेव्हा ती बहुधा अल्प्राझोलम असते, आणि ‘बटण’ म्हणतो तेव्हा बहुधा नायट्राझेपाम. दोन्ही झोपेच्या गोळ्यांच्या गटातल्या. तेलंगणाच्या सीमेकडून येणारा ‘फक्त ताडी’ पिणारा मजूर दोन दिवसांत भ्रमिष्ट झाला, तर कृत्रिम ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलम मिसळले जाते हे चमूला माहीत असले पाहिजे. ट्रामाडॉल या अफूजन्य वेदनाशामकाच्या जास्त मात्रेने फिट येऊ शकते, हेही इथेच सांगून टाकावे. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्याने येणारे झटके दारूच्या झटक्यांपेक्षा उशिरा येऊ शकतात, त्यामुळे ‘तीन दिवस झाले, धोका टळला’ हा दारूच्या झटक्यांचा हिशेब तेथे लागू पडत नाही.

विथड्रॉवलचा धोका तोलणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. त्याची वेळापत्रके पाठ असण्याला पर्याय नाही. दारूचा शेवटचा घोट घेतल्यापासून सुमारे ६ ते ८ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, झटके ६ ते ४८ तासांत येतात, आणि डिलिरियम, म्हणजे भ्रमिष्टपणा आणि भास, ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान उभा राहतो. अस्थिरोग वॉर्डात मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या रात्री सलाइन उपटून ‘म्हशी सोडायच्या आहेत’ म्हणून उठतो, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे. ते त्या रात्री ड्युटीवर असलेल्या परिचारिकेला माहीत नसेल तर बाकी सगळे प्रशिक्षण वाया गेले. म्हणूनच परिचारिकांना वेगळ्या वर्गात न बसवता सर्वांसोबत शिकवावे.

दारूच्या विथड्रॉवलची तीव्रता मोजणाऱ्या सीवा या दहा घटकांच्या श्रेणीचा सराव द्यावा, पण तिच्या मर्यादांसह. तिच्यातील कमाल गुण ६७ आहेत. तिच्यात नाडी आणि रक्तदाब मोजला जात नाही. आणि ती फक्त या क्षणाची तीव्रता सांगते, उद्याचा धोका सांगत नाही. सकाळी उतारा घेऊन अकरा वाजता बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसाचे गुण ३ येतील आणि तोच संध्याकाळी झटक्याने कोसळेल. शिवाय न्यूमोनिया, डोक्याला मार किंवा यकृताच्या आजारातील भ्रम यांतही तिचे गुण भरघोस येतात. पुढचा धोका ओळखायला जुना इतिहास अधिक कामाचा आहे: पूर्वी झटके किंवा डिलिरियम, अनेकदा सोडून पुन्हा सुरू करण्याची आवर्तने, सोबत झोपेच्या गोळ्या, पिवळे डोळे, कमी खाणे. यांपैकी काही असेल तर आजचा आकडा कितीही छोटा असला तरी घरी पाठवू नये. ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी थायमिन द्यावे, आणि यकृत खराब असल्यास क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम निवडावे, या दोन गोष्टी प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

निर्णय शिकवण्याची जी पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते, ती कल्पित रुग्णांवर चालते. समजा, ४४ वर्षांचा ऊसतोड मुकादम आहे. रोज दोन क्वार्टर पितो, दोन वर्षांपूर्वी दारू सोडताना एकदा फिट आली होती, घरी थकलेली आई आहे, पत्नी टोळीबरोबर कारखान्यावर गेली आहे, आणि भाऊ म्हणतो, “साहेब, याला सहा महिने कुठेतरी टाका.” वर्गाने प्रथम प्रत्येक अंगातील धोका सांगायचा आणि मग जागा. बहुतेक जण निवासी केंद्र म्हणतात. अपेक्षित उत्तर असे आहे की आधी रुग्णालयाचा वॉर्ड, सुमारे आठवडाभर, कारण पुन्हा झटका येण्याची भीती आहे आणि ते सांभाळण्याची सोय बहुतेक निवासी केंद्रांत नसते. पुढचे पाऊल शुद्धीवर आलेल्या रुग्णाशी बोलून ठरवायचे. यानंतर मी काही तपशील बदलतो. फिट कधीच आली नव्हती, पत्नी घरी आहे आणि ग्रामीण रुग्णालय चार किलोमीटरवर आहे. आता? घरीच विथड्रॉवलचा उपचार, रोज तपासणी, गोळ्या पत्नीच्या हाती आणि एका वेळी दोन-तीन दिवसांच्याच. पुन्हा बदल: पत्नीही संध्याकाळी पिते. पुन्हा बदल: रुग्ण म्हणतो की विहिरीत उडी टाकीन. ज्या तपशिलाच्या बदलाने प्रशिक्षणार्थ्याचा निर्णय हलत नाही, तो तपशील त्याने फॉर्मवर लिहिला असला तरी विचारात घेतलेला नाही, हे त्याला स्वतःलाच दिसते. याला जोडून एक शिस्त लावावी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी जागेसमोर ‘कारण’ असा रकाना असावा आणि त्यात एक पूर्ण वाक्य असावे. ‘कुटुंबाचा आग्रह’ हे कारण म्हणून चालणार नाही.

अफूजन्य पदार्थांच्या रुग्णांबाबत चमूला आपली सवयीची दिशा उलटी करावी लागते. ब्राऊन शुगर घेणारा २८ वर्षांचा तरुण तीनदा केंद्रात राहून आला आणि तिन्ही वेळा घसरला, तर चौथ्यांदा ‘आणखी मोठा मुक्काम’ हे उत्तर सर्वांना सुचते. पण महिनाभर पदार्थाविना राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडल्यावर जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. अशा रुग्णासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध आणि पुढे नियमित बाह्यरुग्ण पाठपुरावा ही अनेकदा अधिक सुरक्षित जागा असते. असे पर्यायी औषध देखरेखीखाली देणारे ओएसटी केंद्र जिल्ह्यात किंवा शेजारी आहे का, हे प्रशिक्षणापूर्वीच शोधून ठेवावे. अफूजन्य पदार्थांचे विथड्रॉवल मोजणाऱ्या काऊज या अकरा घटकांच्या श्रेणीवर पुरेसे विथड्रॉवल, साधारण ८ ते १२ च्या पुढे, दिसल्याशिवाय पहिली गोळी देऊ नये, अन्यथा गोळीच त्रास उत्पन्न करते आणि रुग्ण पुन्हा फिरकत नाही. अफूवर अवलंबून असलेल्या गरोदर स्त्रीला औषधे थांबवून ‘स्वच्छ’ करण्याचा प्रयत्न करू नये, तर ओएसटी सुरू ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर सांभाळावे.

दुसऱ्या टोकाला, ज्यांना विशेष विभागाची गरजच नाही असे रुग्ण असतात आणि संख्येने तेच सर्वाधिक असतात. गोव्यात संगथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत समुपदेशन दिले. तीन महिन्यांनंतर धोकादायक पिण्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, तर केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत २६ टक्के होते. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर पिऊन भांडणारा, वडिलांनी ओढत आणलेला २४ वर्षांचा मुलगा निवासी केंद्रात गेला, तर तेथे तो मुख्यतः स्वतःपेक्षा गंभीर रुग्णांची संगत मिळवतो.

कायद्यासाठी एक पूर्ण सत्र ठेवावे, आणि ते वकिलाने न घेता रुग्णांसोबत काम करणाऱ्यानेच घ्यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. कलम ८६ नुसार माणूस स्वतःहून दाखल होतो आणि स्वतःहून बाहेर पडू शकतो. कलम ८९ खाली, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, सुरुवातीस जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. पण त्यासाठी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा, अथवा स्वतःची काळजी घेता न येऊन स्वतःला हानी पोहोचण्याचा धोका दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून नोंदवावा लागतो, आणि त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. नातेवाइकांच्या एका फोनवर गाडी पाठवून रात्री माणूस उचलून नेणाऱ्या खासगी केंद्रांना या तरतुदींत जागा नाही. आपल्या चमूने अशा केंद्राकडे चिठ्ठी लिहून दिली तर तिची जबाबदारी चमूवर येते. म्हणून रुग्णाशी किमान काही वेळ एकट्याने बोलणे सक्तीचे करावे. त्याच भेटीत घरच्यांना, न सांगता जेवणातून दिल्या जाणाऱ्या ‘दारू सोडवण्याच्या’ गोळीविषयी स्पष्ट विचारावे. ती डायसल्फिराम असेल आणि रुग्णाने वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून त्याचा जीव जाऊ शकतो. ही चौकशी फॉर्मवर नसते आणि कोणी आपणहून सांगत नाही.

आत्महत्येच्या विचारांची विचारपूस नशेत एकदा आणि नशा उतरल्यावर पुन्हा करावी. दोन्ही नोंदी ठेवाव्यात. नैराश्याचे स्वतंत्र निदान करण्याची घाई मात्र नको. जीवाला धोका नसेल तर दोन ते चार आठवडे मद्याविना गेल्यावर पुन्हा पाहिले, की चित्र बरेचदा बदललेले असते.

आता दोन दिवसांनंतरचे. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १४० व्यावसायिकांवर केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रेरणादायी मुलाखतीचे (रुग्णातील बदलाची इच्छा संवादातून जागी करण्याचे) कौशल्य फक्त कार्यशाळेतून मिळाले तर काही महिन्यांत ओसरते, आणि ध्वनिमुद्रित बैठकांवर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळाले तर टिकते, असे दिसले. आपल्यासाठी याचा अर्थ असा की पहिले सहा महिने आठवड्यातून एकदा तासभर प्रकरणचर्चा ठेवावी. दोन प्रशिक्षणार्थ्यांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासून सहाही अंगांचे धोके लिहावेत आणि मग मतभेद कोठे झाला ते पाहावे. माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक पाचव्या अंगात, म्हणजे घरच्या परिस्थितीत पडतो, कारण डॉक्टर ‘आधार आहे’ असे लिहितो आणि समाजसेविकेला तो आधार स्वतः दारूचे दुकान चालवतो हे कळलेले असते. रुग्णाच्या परवानगीने केलेल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ऐकणे थोडे जाचक वाटते, पण त्याला पर्याय नाही. जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ एकच असेल तर बंगळूरूच्या नीमहान्सने व्हर्च्युअल नॉलेज नेटवर्कद्वारे ज्या पद्धतीने दूरवरच्या डॉक्टरांना केसचर्चेत घेतले, त्या धर्तीवर वैद्यकीय महाविद्यालयाशी व्हिडिओवरून जोडून घ्यावे.

पातळ्यांच्या तक्त्याविषयी शेवटी. अमेरिकन निकषांत बाह्यरुग्ण आणि निवासी यांच्या मधली एक पायरी आहे, आठवड्यात अनेक तासांचे दिवसा चालणारे उपचार. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत ती नाही. ती आहे असे गृहीत धरून शिकवले तर प्रशिक्षणार्थी कागदावर जागा निवडतात आणि रुग्ण अधांतरी राहतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी स्वतःच्या जिल्ह्याचा तक्ता करून घ्यावा: कोणत्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतो, कोणत्या वॉर्डात खरोखर खाट मिळते, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारे कोणते केंद्र झटके आलेल्याला घेते आणि कोणते नाकारते, स्त्रियांना कोठे घेतात, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी आपले कोणते, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक कोणत्या वारी असते. मग फॉर्मवर दोन रकाने ठेवावेत, ‘योग्य जागा’ आणि ‘मिळालेली जागा’, आणि दोन्हींत फरक असेल तर त्याचे कारण लिहावे: खाट नाही, पैसे नाहीत, रुग्णाने नाकारले, अंतर. सहा महिन्यांनी हे रकाने एकत्र मांडले, की आपल्या जिल्ह्यात नेमकी कोणती सेवा हवी हे जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे कागदानिशी मांडता येते, आणि राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ वरून आलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले हेही कळते.

रुग्णाला दुसरीकडे पाठवताना दिली जाणारी चिठ्ठी एकाच नमुन्यात असावी: शेवटचे सेवन कधी, पूर्वीचे झटके, दिलेली औषधे व मात्रा, सहा अंगांतील धोका, निवडीचे कारण, आणि पुन्हा मूल्यमापनाची तारीख. बाह्यरुग्णासाठी ती तारीख पहिल्या आठवड्यातच हवी, वॉर्डातील रुग्णासाठी रोजची. ठरलेल्या दिवशी रुग्ण आला नाही तर फोन कोणी करायचा, त्या व्यक्तीचे नाव चिठ्ठीवरच लिहिलेले असावे.